रिकामे राहिलेले क्रमांक भरू नका

प्रश्न : घरातल्या पुस्तकांच्या नोंदी मी लिब्रेऑफिस बेस या माहितीसाठ्याच्या प्रोग्रॅममध्ये ठेवते. कोणी काय वाचायला नेलं, त्याचा तक्ता वेगळा आहे. क्रमांक हाताने टाकत आले आणि आता सव्वाचारशेच्या पुढे गेल्यावर दोन पुस्तकांवर एकच क्रमांक सापडला. क्रमांक आपोआप पडण्यासाठी काय करावं? शिवाय देऊन टाकलेल्या पुस्तकांच्या नोंदी काढल्या की मधले क्रमांक रिकामे राहतात. तेही आपोआप भरून घेता येतील का? — एक वाचक

उत्तर : आधी दुसऱ्या प्रश्नाचं सांगते, कारण तो जास्त महत्त्वाचा आहे. रिकामे क्रमांक भरू नका. मी ग्रंथालयात काम केलं आहे. तिथे दाखल नोंदवहीत पुस्तकाला एकदा क्रमांक पडला की तो त्याचाच. पुस्तक फाटलं, हरवलं, तरी ओळ तशीच राहते, शेऱ्यात ‘बाद’ लिहितात. तुमच्या नेआणीच्या तक्त्यात ‘४२ क्रमांकाचं पुस्तक भावाकडे’ अशी नोंद असेल आणि उद्या ४२ नव्या पुस्तकाला दिलात, तर न नेलेलं पुस्तक भावाच्या नावावर चढेल. आणि यंत्र तक्रार करणार नाही, कारण त्याच्या लेखी सगळं ठीकच आहे!

म्हणून नोंद काढूच नका. ‘बाद’ नावाचं हो/नाही प्रकारचं एक फील्ड (रकाना) वाढवा आणि तिथे खूण करा.

आता आपोआप क्रमांकाचं. भरलेल्या तक्त्यावर ही सोय नंतर चढवायला गेलं की अडचणी येतात, तेव्हा नवा तक्ता करणंच बरं. त्याआधी मूळ फाइलची प्रत काढून वेगळीकडे ठेवा, हे टाळू नका. डिझाइन व्ह्यूमध्ये, म्हणजे तक्ता आखायच्या खिडकीत, क्रमांकाच्या फील्डचा प्रकार इंटिजर (पूर्णांक) ठेवा आणि खालच्या गुणधर्मांत ऑटोव्हॅल्यू ‘येस’ करा. मग डावीकडच्या करड्या पट्टीवर राइट क्लिक करून प्रायमरी की (प्रत्येक नोंदीची एकमेव ओळख) निवडा. प्रायमरी की दुहेरी क्रमांक स्वीकारतच नाही, त्यामुळे जुन्या तक्त्यातली जोडी आधी सोडवावी लागेल. एका पुस्तकाला जुना क्रमांक राहू द्या, दुसऱ्याला शेवटच्या क्रमांकाच्या पुढचा द्या. नेआणीच्या नोंदींत तो क्रमांक कुठे आला आहे ते मात्र शीर्षक आठवून एकेक तपासायला हवं. हे काम कोणतीही आज्ञा करून देणार नाही.

मग जुना तक्ता कॉपी करून पेस्ट करा, नव्या तक्त्याचं नाव द्या आणि ‘अपेंड डेटा’ निवडा. क्रमांकासमोर क्रमांकच जुळला आहे ना, ते पाहा, म्हणजे जुने आकडे जसेच्या तसे येतील. दोन तक्त्यांमध्ये रिलेशनशिप बांधलेली असेल तर ती नव्या तक्त्याशी पुन्हा जोडा.

पुढचा क्रमांक कुठून पडावा, हे स्वतः सांगून टाकलेलं चांगलं. बेसमध्ये बहुधा एचएसक्यूएलडीबी हे इंजिन (माहिती साठवणारा आतला भाग) असतं आणि त्याची मोजणी शून्यापासून सुरू होते. तुमचा शेवटचा क्रमांक ४३० असेल, तर टूल्समधल्या एसक्यूएल (माहितीसाठ्याला आज्ञा द्यायची भाषा) खिडकीत ही आज्ञा चालवा (इथे देवनागरीत लिहिली आहे, आज्ञेचे शब्द आणि आकडा इंग्रजीत टाइप करा) : अल्टर टेबल "पुस्तके" अल्टर कॉलम "क्रमांक" रीस्टार्ट विथ ४३१. तक्त्याचं आणि फील्डचं नाव तुम्ही दिलं असेल तसंच, दुहेरी अवतरणात हवं. अवतरण नसेल तर इंजिन इंग्रजी नाव मोठ्या अक्षरांचं समजतं आणि ‘तक्ता सापडला नाही’ म्हणतं.

यानंतर नवी नोंद भरताना क्रमांकाची जागा मोकळी सोडा. नोंद जतन झाली की आकडा दिसेल, आणि पुस्तकावरची चिठ्ठी तेव्हाच लिहा.

पुढे कधी एसक्यूलाइट या दुसऱ्या इंजिनकडे वळलात, तर एवढं बघा : तिथे नुसती इंटिजर प्रायमरी की ठेवली आणि शेवटची नोंद काढली, तर तोच क्रमांक पुढच्या नोंदीला मिळतो. तक्ता करताना ऑटोइन्क्रिमेंट हा शब्दही लिहिला की तसं होत नाही.

छापील यादीत सलग १, २, ३ हवे असतील, तर ‘बाद’ वगळणारी क्वेरी (निवडक नोंदींची मागणी) करा, ती कॅल्क या स्प्रेडशीटमध्ये पेस्ट करा आणि तिथे वेगळ्या रकान्यात अनुक्रम भरा. तो रकाना त्या यादीपुरताच, बेसमध्ये परत नेऊ नका.