ते बदक नव्हे, आणि राजहंस तर नव्हेच

प्रश्न असा आहे: गजबजलेल्या उद्यानात, धावणाऱ्यांच्या नि बाबागाड्यांच्या मधोमध, एकच मोठा करडा रानपक्षी गवत खुडत होता. चोच केशरी, मान लांब. कुणी जवळ गेलं की मान जमिनीलगत ताणून फिस्कारायचा. सोबतचे म्हणाले बदक, लेक म्हणाली राजहंस. खरं काय?

बदक नाही. तो शब्द फारसी ‘बतक’वरून आला, विषय संपला.

राजहंस ऐकलं की मात्र माझं डोकं फिरतं. पाश्चात्त्य परीकथांतला पांढराशुभ्र, वाकड्या मानेचा स्वान (श्वान नव्हे) भाषांतरकारांनी ‘राजहंस’ करून टाकला आणि आपण तोच खरा धरून बसलो. अमरकोश हा जुना संस्कृत शब्दकोश उघडून बघा की! राजहंस पांढरे, पण चोच आणि पाय तांबडे. युरोपातल्या स्वानचे पाय काळे असतात. संस्कृत-इंग्रजी कोश रचणारा मोनिअर-विल्यम्ससारखा पंडितही ‘हंस’ या एका नोंदीत गूस (बदकाहून मोठा, गवत चरणारा पक्षी), स्वान आणि फ्लेमिंगो असे तीन पक्षी कोंबून मोकळा होतो. कोशकाराने निवड करायची असते, पिशवी भरायची नसते.

माझं म्हणणं, हंस म्हणजे गूसच. पुरावा चालीत आहे. कवी ‘हंसगती’ म्हणतात ती जमिनीवरची चाल. स्वानचे पाय पार मागे, त्यामुळे पाण्यात राजा आणि काठावर फेंगडा. गूसचे पाय शरीराच्या मध्याकडे, म्हणून तो तासन्‌तास चरत ऐटीत चालतो. हंसगामिनी म्हणून जिचं कौतुक झालं ती फेंगडी चालत असेल का? राजहंस म्हणजे डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला पट्टकादंब, असंही मी मानतो. त्याचे पाय तांबडे नसून पिवळट केशरी आहेत हे मला ठाऊक आहे. कवीला तेवढी सूट द्या.

आता खरी गंमत. शब्दांची व्युत्पत्ती सांगणारा प्राचीन पंडित यास्क ‘हंस’ शब्द हन् (मारणे) धातूवरून काढतो: वाट कापतात म्हणून हंस. स्थलांतरी पक्ष्याला किती शोभतं! पण तसं नाही. शब्द त्याहून जुना आहे आणि त्याचे भाऊबंद लांबवर पसरलेत. जर्मन ‘गान्स’, ग्रीक ‘खेन’, लिथुआनियन ‘झांसिस’, सगळे हंसच. लॅटिनने आरंभीचा ह गिळला, उरला ‘आन्सेर’. इंग्रजीने न् टाकला, ‘गूस’ झाला. आपल्या ह-च्या जागी ग्रीकात ख आणि लिथुआनियनमध्ये झ का, तर ‘हिम’ घ्या: ग्रीक ‘खेइमा’, लिथुआनियन ‘झिएमा’, दोन्हींचा अर्थ हिवाळा. तोच नियम, तेच घराणं. म्हणजे ‘हंस म्हणजे गूस की स्वान’ हा वादच फोल. हंस आणि गूस मुळात एकच शब्द!

हां, तुमचा पक्षी. करडा, केशरी चोचीचा, म्हणजे कलहंस. अमरकोश त्यालाच कादंबही म्हणतो. ‘कल’ म्हणजे मंजुळ अस्फुट आवाज. हे नाव देणाऱ्याने त्याचं फिस्कारणं जवळून ऐकलं नसावं. एकटाच का होता, ते पक्षिमित्रांना विचारा. लेकीला मात्र सांगा, ‘हंस’ एवढा भाग तिचा बरोबर होता.