सायकल, चालणं की बस : लोक काय निवडतात हे सर्वेक्षणातून कसं काढायचं?

तुमचा सर्वेक्षणाचा प्रकल्प पुण्याचा आहे म्हणून तिथलीच उदाहरणं देतो. ‘तुम्ही साधारण कशाने जाता?’ हा प्रश्न आधी काढून टाका. त्याला लोक आपली आवडनिवड सांगतात. कालची एकच फेरी विचारा: घरातून किती वाजता निघालात, स्टॉपपर्यंत किती मिनिटं चाललात, बसची वाट किती पाहिली, बसमध्ये किती वेळ, तिकीट किती. स्टॉपपर्यंतचं चालणं हमखास गळतं, ते खोदून विचारावंच लागतं.

न निवडलेल्या पर्यायाचा वेळ मात्र उत्तरदात्याला विचारू नका. सायकलवाला बसचा वेळ फुगवून सांगतो. त्या फेरीच्या वेळी दुसऱ्या पर्यायाला किती वेळ लागला असता ते नकाशावरून आणि वेळापत्रकावरून स्वतः भरा. घरात चालू स्थितीतली सायकल नसेल तर त्या उत्तरदात्यापुरता सायकल हा पर्यायच गाळा.

विश्लेषणासाठी मल्टिनॉमियल लॉजिट (वेळ, भाडं यांवरून प्रत्येक पर्याय निवडला जाण्याची शक्यता काढणारं संख्याशास्त्रीय मॉडेल) पुरतं. (याच कामासाठी डॅनियल मॅकफॅडन यांना 2000 साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.) वाट पाहण्याचा आणि बसमधला वेळ वेगळे ठेवा, कारण थांबलेलं मिनिट सहसा जास्त जड जातं. वेळेचा किंवा भाड्याचा गुणक धन आला, म्हणजे वेळ किंवा भाडं वाढलं की तो पर्याय जास्त निवडला जातो असं दिसलं, तर आधी डेटा तपासा. पीएमपी (पुण्याची शहर बस) आणि मेट्रो दोन्ही घेतलीत तर सारखे पर्याय एका गटात धरणारं नेस्टेड लॉजिट वापरा; साधं लॉजिट त्यांना एकमेकांशी नातं नसलेले पर्याय समजतं आणि सार्वजनिक वाहतुकीचा वाटा फुगवतं.

फक्त नळ स्टॉपसारख्या बसथांब्यावर उभं राहून फॉर्म भरलेत तर बसवालेच जास्त येणार. मग शहरात प्रत्येक पर्यायाचा प्रत्यक्ष वाटा किती आहे त्यानुसार उत्तरांना वजनं द्यावी लागतील.