अँकर कुठे पडला? : स्पे कास्टिंगबद्दल वाचकांचे प्रश्न

दोन हातांनी धरायची लांब रॉड (गळाची काठी), आणि लाइन (तिचा दोर) पाठीमागे हवेत पूर्ण न पसरता पाण्याच्याच आधाराने वळवून पुढे फेकायची, ही फ्लाय फिशिंगमधली, म्हणजे माशीसारख्या कृत्रिम आमिषाने (फ्लायने) मासे धरण्यातली पद्धत म्हणजे स्पे कास्टिंग. स्कॉटलंडच्या ईशान्येला वाहणाऱ्या स्पे नदीवरून तिचं नाव पडलं. परदेशातल्या वाचकांकडून तिच्याबद्दल बरेच प्रश्न आले आणि एक पुण्याहूनही आला. सगळ्या उत्तरांत उजवा हात वर आणि डावा खाली असं धरलं आहे. डावखुऱ्या वाचकांनी बाजू उलटून वाचावं.

प्रश्न : एका हाताच्या रॉडने माझी कास्ट छान पडते. मग स्पे का शिकायची? लाइन लांब जाते म्हणून? (लीड्स)

लांब जाते हे खरं, पण ही पद्धत जन्मली ती जागेच्या अडचणीतून. स्पेच्या काठावर बऱ्याच ठिकाणी उंच दरडी आणि गर्द झाडी आहे. लाइन मागे टाकली की फांदीत अडकणारच. म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास तिथल्या लोकांनी लाइन पाठीमागे न नेता फेकायची युक्ती बसवली. तेव्हाच्या रॉड ग्रीनहार्ट लाकडाच्या, 18-20 फुटी आणि हाताला जड. आज कार्बनच्या 12 ते 15 फुटी रॉडवर तेच काम कितीतरी हलक्या हाताने होतं.

दुसरं कारण रोजच्या मासेमारीतलं आहे. सॅमनसाठी (हा समुद्रातून नदीत येणारा मासा) फ्लाय प्रवाहाच्या आडवी, थोडी खालच्या अंगाला, म्हणजे पाणी जिकडे जातं तिकडे, टाकतात. प्रवाह तिला कमानीसारखी फिरवत काठाकडे आणतो. शेवटी लाइन तुमच्या थेट खाली ताणून उभी राहते. मग एक-दोन पावलं खाली सरकायचं आणि पुन्हा तीच फेक. म्हणजे दर वेळी लाइन खालच्या बाजूला असते आणि जायचं असतं समोर. डोक्यावरून मागे-पुढे फेकायच्या ओव्हरहेड कास्टने ही दिशा बदलायला हवेत दोन-तीन फेऱ्या घालाव्या लागतात, स्पेने एकाच हालचालीत काम होतं. नदीत शिरलेला सॅमन खाणं जवळपास बंद करतो, तेव्हा फ्लायवर तो कधी झडप घालेल याचा नेम नसतो. फ्लाय जितका जास्त वेळ पाण्यात, तितकं बरं.

प्रश्न : माझी रॉड 13 फुटी, 7 नंबरची (नंबर म्हणजे रॉड किती वजनाची लाइन पेलते त्याचा आकडा). पाणी डावीकडून उजवीकडे वाहतं. डबल स्पे करताना कधी लाइन समोरच गोळा होऊन पडते, तर कधी मागे आसूड ओढल्यासारखा आवाज येतो आणि फ्लाय तुटून जाते. नेमकं काय चुकतं? (इनव्हर्नेस)

दोन्ही चुकांचं मूळ एकच, अँकर. लाइनचं टोक आणि लीडर (लाइन आणि फ्लाय यांच्यामधला बारीक धागा) पाण्याला जिथे चिकटून राहतात तो अँकर. त्याच्या पकडीवरच मागे इंग्रजी डी अक्षरासारखा लूप, म्हणजे लाइनचा वळसा, भरतो आणि रॉड वाकते. पकड जास्त झाली तर लाइन सुटत नाही, कमी झाली तर सगळी लाइन मागे उडते. तुमच्याकडे आलटून पालटून दोन्ही होतंय, म्हणजे अँकर दर वेळी वेगळ्या जागी पडतोय.

डबल स्पे ही दोन अर्ध्या हालचालींची फेक. ती सावकाश तपासू. लाइन उजवीकडे, खालच्या अंगाला सरळ ताणलेली असू द्या आणि रॉडचा शेंडा पाण्याला टेकलेला. लाइनमध्ये ढील असेल तर सुरुवातच करू नका, उचलण्याचा पहिला हातभर ढील गोळा करण्यातच जातो. आता शेंडा सावकाश वर उचला, वरचा हात साधारण कपाळाशी येईपर्यंत. मग रॉड अंगासमोरून डावीकडे, म्हणजे वरच्या अंगाला नेऊन शेंडा पाण्याजवळ खाली आणा. ही पहिली अर्धी हालचाल. इथे थांबून बघा, घाई काहीच नाही, कारण डबल स्पेत अँकर पाण्यावर टेकून राहिलेला असतो. लाइनचं टोक, म्हणजे लाइन आणि लीडरचा सांधा, तुमच्या उजव्या हाताला साधारण एक रॉड अंतरावर, किंचित पुढे पडलेला दिसायला हवा.

टोक त्याहून बरंच दूर, खाली राहिलं असेल तर रॉड डावीकडे पुरेशी नेलेली नाही. पाण्यावर लाइन जास्त पडते, चिकटते आणि फेक समोर गोळा होते. टोक तुमच्या समोर किंवा डावीकडे येऊन पडलं असेल तर रॉड जास्त नेली किंवा हिसका दिला. तिथून फेकू नका. लाइन लाइनवरून जाईल, गाठी पडतील, आणि हुक तुमच्याकडे येऊ शकतो. सरळ रोल कास्टने (लाइन पाण्यावरूनच गोल उलगडत पुढे टाकायची साधी फेक) लाइन पुन्हा खाली टाका आणि पहिल्यापासून सुरू करा.

दुसरी अर्धी हालचाल म्हणजे रॉड डावीकडून उजवीकडे झाडणं. शेंडा पाण्याच्या जवळून निघतो आणि हळूहळू चढत जातो. लाइन पाण्यावरून सोलली जाते तेव्हा फवाऱ्याची एक पांढरी रेघ डावीकडून तुमच्याकडे धावत येते आणि कापड फाडल्यासारखा आवाज होतो. नजर त्या रेघेवर ठेवा. ती तुमच्या समोरून पुढे सरकली की रॉड वळवून वर आणा, वरचा हात कानाच्या बाजूला. लूप मागे भरू द्या, मग पुढची फेक. रेघ तुमच्यापर्यंत पोचायच्या आतच रॉड वर गेली तर लूप अर्धवट राहतो.

तो आसुडासारखा आवाज झाडण्याच्या शेवटी येतो. शेवटच्या टप्प्यात वेग एकदम वाढवलात किंवा शेंडा आभाळाकडे ओढलात की अँकर पाण्यातून उपटला जातो. वेग शेवटपर्यंत एकसारखा ठेवा. याउलट, वळवताना शेंडा मागे खाली झुकला तर लूपचं पोट पाण्याला लागतं आणि फेक मरते. ही चूक करणाऱ्याला स्वतःला दिसत नाही. बाजूने कुणाकडून तरी मोबाइलवर चित्रण करून घ्या.

प्रश्न : वारा असताना कोणती कास्ट करायची हे पाठ होत नाही. (व्हँकूव्हर)

पाठ करण्यासारखी गोष्ट एकच : अँकर नेहमी वाऱ्याच्या पलीकडच्या बाजूला पडला पाहिजे. म्हणजे वारा लाइनला तुमच्यापासून दूर ढकलेल, अंगावर आणणार नाही.

वारा प्रवाहाबरोबर खाली वाहत असेल तर अँकर खालच्या अंगाला, म्हणजे डबल स्पे किंवा स्नेक रोल (शेंडा गोल फिरवून करायची फेक). वारा प्रवाहाच्या उलट, वर वाहत असेल तर अँकर वरच्या अंगाला, म्हणजे सिंगल स्पे (एकाच झाडणीत, अँकर टेकताच फेकायची), किंवा स्नॅप टी आणि सर्कल सी (लाइन आधी वरच्या अंगाला नेऊन ठेवायचे दोन प्रकार). नदीकडे तोंड करून उभं राहिल्यावर पाणी डावीकडून उजवीकडे वाहत असेल तर डबल स्पे उजव्या खांद्यावरून होते. उजवीकडून डावीकडे वाहत असेल तर सिंगल स्पे. दुसऱ्या काठावर, किंवा वारा फिरला की, डावा हात वर घेऊन फेकायला शिकावंच लागतं. ते अवघड वाटत असेल तर उजवाच हात वर ठेवून रॉड डाव्या खांद्यावरून आणा. लांबी थोडी कमी मिळेल, पण सुरक्षित.

वाऱ्याचा नियम मोडून फेकलेला जड फ्लाय कानात, गालात, मानेत रुततो. चष्मा आणि टोपी वारा नसतानाही हवीच. नवशिक्याने हुकच्या टोकाजवळचा उलटा काटा पक्कडने दाबून टाकावा.

प्रश्न : सिंगल स्पेत लाइन समोर सरळ न उलगडता काटकोनात वळून पडते. (अॅबर्डीन)

अँकर लक्ष्याच्या रेषेत पडत नाहीये. लूप ज्या दिशेला मागे भरतो त्याच्या बरोबर उलट दिशेला फेक जाते. पाण्यावर लीडर आडवा पडला आणि तुम्ही समोर फेकलंत तर आधी तो आडवा तुकडा सरळ व्हावा लागतो, आणि सगळी ताकद त्यातच जाते.

तीन गोष्टी बघा. उचलायच्या आधी छाती आणि पुढचा पाय लक्ष्याकडे करा. लाइनकडे वळून उभे राहिलात तर झाडणीही तिकडेच वळते. दुसरं, उचलताना घाई झाली तर अर्धी लाइन पाण्यातच राहते, मग ती सोडवायला तुम्ही हिसका देता आणि अँकर वाकडा पडतो. तिसरं, शेंड्याची वाट. तो उचलल्यावर किंचित खाली उतरतो आणि मग चढत जातो. उतार जास्त झाला तर लाइन ढिगासारखी पाण्यात कोसळते. अँकर हलकेच टेकला की थांबू नका, फेक त्याच क्षणी सुरू करायची. डबल स्पेची सवय झालेले लोक इथेच थबकतात आणि लाइन बुडते.

सुरुवातीला 90 अंशांत दिशा बदलायचा हट्ट नको. 45 अंशांवर, म्हणजे थोड्या खालच्या अंगाला फेका. हे जमेपर्यंत वर वाहणाऱ्या वाऱ्यात स्नॅप टी वापरा. तिच्यात लाइन हिसक्याने वरच्या अंगाला नेऊन पाण्यावर ठेवतात, त्यामुळे विचार करायला वेळ मिळतो.

प्रश्न : दुकानात स्कॅजिट आणि स्कँडी अशी दोन हेड दाखवली. 13 फुटी 7 नंबरला कोणतं घेऊ? (सिएटल)

हेड म्हणजे लाइनचा पुढचा वजनदार भाग. तुमच्याकडे हिवाळ्यात जड फ्लाय आणि बुडणारी टिप (हेडच्या पुढे जोडायचा तुकडा) लागणार, तेव्हा स्कॅजिट. ते नावही तुमच्याच वॉशिंग्टन राज्यातल्या स्कॅजिट नदीवरून आलं आहे. हेड आखूड आणि जाड, साधारण 20 ते 25 फूट, वजन 510 ते 540 ग्रेन, म्हणजे 33 ते 35 ग्रॅम. पुढे 10 फूट टिप आणि 3-4 फूट लीडर. स्कॅजिटला पाण्यात टेकून राहणारा अँकर लागतो, म्हणजे डबल स्पे आणि स्नॅप टी.

स्कँडी लांब आणि निमुळतं, 35 फुटांच्या आसपास, 450 ते 480 ग्रेन, पुढे रॉडइतका लांब लीडर. उन्हाळ्यात वरच्या पाण्यात हलका फ्लाय चालवायला ते उत्तम, आणि सिंगल स्पे त्यावर फार सुंदर होते. अदलाबदल केली की त्रास सुरू. टी-14 नावाची टिप फुटाला 14 ग्रेन, म्हणजे 10 फुटांना 140 ग्रेन. स्कँडीचं बारीक टोक ती पाण्यातून उचलूच शकत नाही. आणि एक लक्षात असू द्या, दोन हातांच्या रॉडचा 7 नंबर आणि एका हाताच्या रॉडचा 7 नंबर एकच नव्हेत. ग्रेन विचारूनच हेड घ्या.

प्रश्न : जितका जोर लावतो तितकी लाइन जवळ पडते. (टोरांटो)

तुम्ही वरच्या हाताने ढकलताय. त्याने शेंडा मोठा अर्धगोल फिरतो, लूप उघडा पडतो आणि लाइन पाण्यावर आदळते. वरचा हात फक्त टेकू आहे, विहिरीतून रहाटाने पाणी काढताना कप्पी असते तसा. काम खालच्या हाताचं : मूठ झटकन छातीखाली, बरगडीकडे ओढा आणि शेंडा उंचच थांबवा. सवयीसाठी वरच्या हाताने रॉड नुसत्या अंगठा आणि दोन बोटांत धरून 20 कास्ट करा. ढकलणं आपोआप बंद होतं.

प्रश्न : पुढच्या वर्षी स्पे नदीवर जायचं आहे. तोवर पुण्यात सराव करता येईल का? (पुणे)

येईल, संथ पाण्यावर. तलावाची किंवा धरणाची परवानगी आधी विचारा आणि हुक लावूच नका. त्याजागी केशरी लोकरीचा बोराएवढा गोंडा बांधा. अँकर कुठे पडला ते त्याने लांबूनही दिसतं. हिरवळीवर लाइन धरून राहत नाही आणि सिमेंटवर तिचं आवरण खरवडतं, म्हणून पाणीच हवं. गुडघाभर पाण्यात उभं राहा, पाठीमागे एक-दोन रॉडइतकी मोकळी जागा ठेवा. महाडजवळच्या वाळणकोंडीसारख्या, लोकांनी श्रद्धेने मासे राखलेल्या डोहांवर मात्र लोकरीचा गोंडासुद्धा टाकू नका.

पहिले काही दिवस फक्त रोल कास्ट. मग डबल स्पे. पाण्याला प्रवाह नाही, तेव्हा दर वेळी रोल कास्टने लाइन उजवीकडे सरळ टाकायची आणि तिथून समोर 45 अंशांवर आणायची. अर्धा तास पुरे, हात थकला की चुकीची सवय लागते.

स्पेवर सॅमनचा हंगाम 11 फेब्रुवारी ते 30 सप्टेंबर असतो. स्कॉटलंडमध्ये रविवारी सॅमन धरायला कायद्याने बंदी आहे, आणि 1 एप्रिलपूर्वी धरलेला प्रत्येक सॅमन पाण्यात परत सोडावाच लागतो. सरकारी रॉड परवाना तिथे लागत नाही, पण नदीच्या त्या टप्प्याच्या मालकाची परवानगी मात्र आधीच विकत घ्यावी लागते. ती घेताना कोणत्या काठावर उभं राहायला मिळणार ते विचारून घ्या. डावा काठ (प्रवाहाच्या दिशेने तोंड केल्यावर डावीकडचा) असेल तर पाणी उजवीकडून डावीकडे येईल, म्हणजे पुण्यातल्या सरावात सिंगल स्पे आणि स्नॅप टीला जास्त दिवस द्यावे लागतील.