सहावी पायरी सोडू नका

प्रश्न (नोव्हेंबर 2020) : प्रिय मावशी, मालवण तालुक्यातल्या आमच्या वाडीत लहान ख्रिस्ती समूह आहे. मार्चपर्यंत दर गुरुवारी पाळीपाळीने एकेकाच्या घरी जमून आम्ही बायबलमधलं शुभवर्तमान वाचायचो, तेर्स (जपमाळेची प्रार्थना) म्हणायचो. लॉकडाऊन लागल्यापासून सगळं व्हॉट्सॲप कॉलवर चालू आहे. त्यात आठच जण मावायचे, शिवाय पावसात रेंज जायची. साधे फोन असलेली म्हातारी माणसं बाहेरच राहिली. पाडव्याला, 16 नोव्हेंबरला, देवळं-चर्च उघडली. आता काही जण म्हणतात घरी जमूया, काहींना भीती वाटते. नाताळाच्या तोंडावर समूहात फूट नको. काय करू?
— एक समूहप्रमुख

उत्तर : बाय, आधी नर्स म्हणून सांगते, कारण माझा जन्म वॉर्डात गेलाय. बंद खोलीत जमू नका. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात 10 मार्चला एका गायनवृंदाचा सराव झाला. 61 माणसं होती, त्यातल्या 53 जणांना कोरोना झाला आणि दोघं दगावली. गाताना श्वास जोरात बाहेर पडतो आणि बंद हवेत तो तसाच राहतो. म्हणून बैठक पडवीत किंवा खळ्यात घ्या, अंतर ठेवून, तोंडाला मास्क लावून, अर्ध्या तासात आटपेल अशी. भजनं यंदा ज्याने त्याने आपापल्या घरीच म्हणा. पासष्टीच्या वरची माणसं, डायबेटीसवाले, गरोदर बाया आणि लहान मुलं यांना आणू नका, कितीही हट्ट केला तरी. ज्याला भीती वाटते त्याला कोणी 'तुझा विश्वास कमी' म्हणालं, तर समूहप्रमुख म्हणून तू तिथल्या तिथे थांबव. भीती वाटणाऱ्याच्या घरात आजारी कोण आहे, हे आपल्याला माहीत नसतं.

पण तुझ्या पत्रात मला जास्त लागलं ते साध्या फोनवाल्यांचं.

त्याचं उत्तर आपल्या वाचनाच्या पद्धतीतच आहे. आपण शुभवर्तमान वाचताना सात पायऱ्या घेतो, त्या दक्षिण आफ्रिकेतल्या लुम्को या कॅथलिक संस्थेतून आल्या. 1990 साली इंडोनेशियात बांडुंगला आशियातले बिशप जमले, तेव्हापासून लहान समूहांवर आपल्या खंडात जोर दिला गेला. प्रभूला बोलावणं, उतारा वाचणं, मनाला भिडलेले शब्द पुन्हा म्हणणं, मग शांतता, मग ऐकलेलं एकमेकांना सांगणं. सहाव्या पायरीवर समूह ठरवतो की या आठवड्यात काय करायचं, कोणी आणि कधी. सातवी पायरी प्रार्थनेची. फोनवर चौथ्या पायरीवरच घोटाळा होतो, सगळे गप्प झाले की कोणीतरी विचारतोच, "आवाज येता काय?" त्याचं मला काही वाटत नाही. सहावी गळते त्याचं वाटतं. कॉल संपला की आमेन म्हणून सगळे मोकळे होतात.

आमच्या वेंगुर्ल्याकडच्या वाडीत मे महिन्यात मुंबईहून चाकरमानी आले. त्यांना चौदा दिवस शाळेत आणि मांगरात (शेतातल्या खोपीत) ठेवलं होतं. गावात कुजबुज होती, रस्त्यात काही जण तोंडं फिरवत होते. त्या गुरुवारी आमच्याकडे सहावी पायरीच सगळ्यात लांबली. पेज कोण नेणार, भांडी कुठे ठेवून मागे फिरायचं, कोणाच्या प्रेशरच्या गोळ्या संपत आल्यात, बाजारात मोटारसायकलने कोण जाणार. मांगरातला तो मुलगा हिंदू आहे की आपला, हे कोणी विचारलं नाही. मला त्या बैठकीचा फार अभिमान आहे. पुस्तकातल्या शंभर व्याख्यांपेक्षा समूह म्हणजे काय ते मला त्या दिवशी जास्त दिसलं.

म्हणून घरी की फोनवर, यावर मतदान घेऊ नकोस. दोन्ही चालू ठेव. पडवीत येऊ शकतील ते पडवीत येतील, बाकीचे कॉलवर. साधा फोन असलेल्या प्रत्येकाला एक माणूस नेमून दे. त्याने गुरुवारी संध्याकाळी फोन लावायचा, उतारा हळू वाचून दाखवायचा आणि 'काय हवं नको' हे विचारून तुला कळवायचं. कानाने कमी ऐकणाऱ्यांकडे मात्र दारापर्यंत जावंच लागेल. उंबऱ्याबाहेर थांबून, मास्क लावून. फादरना आजच सांग की कोणाकोणाला महिनोन्‌महिने ख्रिस्तप्रसाद (मिस्सेतली पवित्र भाकर) मिळालेला नाही. नावं वहीत लिहून दे, तोंडी सांगितलं की राहून जातं.

आणि कॉलवर येणं ज्यांनी बंद केलंय, त्यांना 'का येत नाही' असं विचारू नकोस. काम गेलंय का, घरात खर्चाला आहे का, ते बघ. मासेमारी आणि हॉटेलं दोन्ही थंडावलीत, तुझ्या तालुक्यात अशी घरं असणारच.

नाताळाच्या नेवऱ्या (करंज्या) यंदा एका जागी जमून करू नका. प्रत्येक घराने थोड्या जास्त करा आणि कोणत्या घरी कोणी पोचवायच्या, ते येत्या गुरुवारी सहाव्या पायरीवर ठरवा.