व्हेरिकोज व्हेन्स असताना जड वाहनाचा परवाना मिळतो का, आणि ट्रक चालवणे झेपते का?

तुमचा प्रश्न असा आहे की, वय २६ असून कापसाच्या जिनिंगमध्ये सहा हंगाम उभ्याने काम केल्यावर दोन्ही पोटऱ्यांवर व्हेरिकोज व्हेन्स, म्हणजे फुगलेल्या शिरांच्या गाठी, दिसू लागल्या आहेत. हलक्या वाहनाचा परवाना आहे, आता ट्रकचा काढायचा आहे, तर वैद्यकीय तपासणीत अडवतील का, आणि नाही अडवले तरी हे काम झेपेल का. मी वणी तालुक्यातला असून कोळशाच्या आणि कापसाच्या गाड्यांवर मला अकरा वर्षे झाली. हा आजार माझ्या पायांत परवान्याच्या आधीपासून आहे.

परवान्याचे आधी सांगतो, कारण ते सोपे आहे. परिवहन वाहनासाठी, म्हणजे ट्रकसाठीही, वय २० पूर्ण आणि हलक्या वाहनाचा परवाना किमान एक वर्ष जुना लागतो, या दोन्हींत तुम्ही बसता. नोंदणीकृत डॉक्टरांनी भरून द्यायच्या नमुना १-अ मध्ये दृष्टी, रंगांची ओळख, श्रवण, कामात अडथळा आणणारे व्यंग आणि व्यसन यांची विचारणा असते. फुगलेल्या शिरांचा त्यात वेगळा उल्लेख नाही. घोट्यापाशी जखम असेल किंवा पाय वाकवताना दुखत असेल, तर मात्र डॉक्टर थांबवू शकतात आणि त्यांनी थांबवावेही. मी तपासणीला फुलपँट घालून गेलो होतो. डॉक्टरांनी पाय पाहिले नाहीत आणि मीही काही बोललो नाही. त्या हुशारीचा आनंद मला जेमतेम दोन वर्षे पुरला.

खरी परीक्षा सीटवर बसल्यावर सुरू होते. पायातले रक्त वर चढवण्याचे काम पोटरीचा स्नायू करतो आणि ते परत खाली येऊ नये म्हणून शिरेत लहान झडपा असतात. झडपा निकामी झाल्या की रक्त खाली साचते आणि शीर फुगते. पोटरी हलत राहिली तर थोडे निभावते. खाणीच्या वजनकाट्यावर रांगेत गाडी पुढे-पुढे सरकवताना क्लच दाबणारा डावा पाय हलत असतो, म्हणून तो तितका कुरकुरत नाही. नागपूर–हैदराबाद महामार्गावर मात्र उजवा पाय तासन् तास अॅक्सिलरेटरवर एकाच कोनात राहतो, आणि संध्याकाळी मोजा काढला की त्या घोट्यावर मोज्याच्या पट्टीची इतकी खोल खूण उमटलेली असते की तिच्यात ज्वारीचा दाणा बसावा. वैशाखात इंजिनाची धग आणि बाहेरचे ऊन मिळून शिरा आणखी सैल होतात. त्यात लघवीला थांबावे लागू नये म्हणून आपले बरेच चालक पाणीच पीत नाहीत, ही सवय शिकाऊपणातच सोडा.

आणखी एक गोष्ट कोणी सांगत नाही, ती पायरीची. कोळशाच्या रांगेत घाईने खाली उतरताना माझी नडगी लोखंडी पायरीच्या कडेला घासली आणि फुगलेली शीर फुटून रक्ताची बारीक धार लागली. क्लीनरने घाबरून गुडघ्याखाली दोरी आवळली, त्याने रक्त उलट वाढले. ढाब्यावरच्या एका वयस्कर चालकाने दोरी सोडवली, मला बाजेवर आडवे केले, टाच स्टेपनीवर उंच ठेवली आणि दुपट्ट्याची घडी जखमेवर दहा मिनिटे नुसती दाबून धरली. तेवढ्यात रक्त थांबले. तेव्हापासून मी गाडीकडे तोंड करून, दोन्ही हातांनी धरूनच उतरतो.

तुमचे शिकाऊ लायसन्स सहा महिने चालते आणि पक्क्या परवान्याची चाचणी तीस दिवसांनंतर कधीही देता येते. हा मधला काळ पायांवर खर्च करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. आधी शिरेतला रक्तप्रवाह दाखवणारी डॉप्लर सोनोग्राफी करून कोणती झडप गळते ते पाहून घ्या. लेझरने शीर बंद करण्याच्या उपचारात बहुतेकांना त्याच दिवशी चालता येते, पण त्यानंतर सलग फार वेळ बसणे काही दिवस टाळावे लागते, म्हणून ते नोकरी लागण्याआधीच उरकलेले बरे. योजनेत बसते का, हे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारा. पोटरी आवळून धरणारे दाबाचे मोजे डॉक्टरांनी माप घेऊन लिहून दिलेलेच घ्या. मधुमेह किंवा बिडीची सवय असेल तर आधी पायाच्या धमन्या तपासून घ्या, कारण तिथे रक्तपुरवठा कमी असेल तर हेच मोजे अपाय करतात. मोजे सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी, सूज नसताना चढवायचे असतात. उन्हाळ्यात खाज सुटते. दोन जोड ठेवा आणि रोज हाताने धुवा.

नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या कामगार संहितेत सामावलेल्या मोटार वाहतूक कामगार कायदा, १९६१ प्रमाणे दिवसाचे काम आठ तासांचे होते आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती द्यावी लागत असे. प्रत्यक्षात काय चालते ते तुम्हालाही दिसेल, आणि पायांना पाच तास फारच जास्त आहेत. मी दर दोन तासांनी उतरतो, टायरवर हातोडी मारत गाडीभोवती चार फेऱ्या घालतो. मालकाला वाटते मी हवा तपासतो, आणि ती तपासली जातेही. एकच पाय अचानक सुजला, पोटरी गरम होऊन दुखू लागली, तर मात्र माल खाली होण्याची वाट न पाहता जवळच्या रुग्णालयात जा. ती शिरेत रक्ताची गाठ असू शकते, आणि सोबत दम लागत असेल तर स्वतः गाडी चालवत जाऊ नका, १०८ ला फोन करा.