डिझायनर कोलॅबोरेशनचा कपडा घ्यावा का? आधी उलटा करून बघा

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. मोठा डिझायनर जेव्हा एच अँड एमसारख्या स्वस्त कपड्यांच्या दुकानसाखळीसाठी 'कोलॅबोरेशन' करतो, तेव्हा त्या कपड्यात खरंच त्याचं काम असतं का? आणि बहिणीच्या संगीतासाठी दहा हजारांच्या आत असं काही घ्यायला रात्री बारा वाजता अ‍ॅप उघडून बसावं का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पहिल्यात आहे, म्हणून आधी पहिला घेते.

मी दादरला बावीस वर्षं ब्लाउज शिवते आणि अल्टरेशनची कामं घेते. कोणताही कपडा हातात आला की मी आधी तो उलटा करते. ही सवय आजीकडून आली. पैठणी घेताना ती आधी पदराची मागची बाजू बघायची. हातमागावर विणलेल्या पैठणीच्या पदरावरचा मोर मागूनही जवळजवळ तसाच दिसतो, कारण त्यात प्रत्येक रंगाचा धागा त्या त्या जागेपुरताच हाताने गुंतवून मागे वळवलेला असतो. यंत्रमागाच्या पदरामागे धागे एका नक्षीपासून दुसऱ्या नक्षीपर्यंत लोंबत गेलेले दिसतात, नाहीतर कापून टाकलेले असतात. पुढून दोन्ही सुंदर. पैसे कशाचे दिले हे मागून कळतं. डिझायनर कोलॅबोरेशनचे कपडेही मी याच नजरेने बघते.

हा प्रकार नवा नाही. अमेरिकेत हॉल्स्टन नावाचा फार मोठा डिझायनर होता. 1983 मध्ये त्याने जेसी पेनी या सामान्य माणसाच्या दुकानसाखळीसाठी कपडे काढले. त्यावर न्यूयॉर्कच्या बर्गडॉर्फ गुडमन या श्रीमंतांच्या दुकानाने त्याचे कपडे विकणंच बंद केलं. स्वस्त दुकानाला नाव दिलं म्हणून माणूस बाजूला पडला. नंतर वारं फिरलं. शनेल या फ्रेंच फॅशन हाउसचा डिझायनर कार्ल लागरफेल्ड एच अँड एमबरोबर आला आणि 12 नोव्हेंबर 2004 ला ते कपडे दुकानात लागले. बऱ्याच शहरांत काही तासांत रॅक रिकामे झाले. लागरफेल्ड मात्र पुढे नाराज झाला. त्याचं म्हणणं, आपले कपडे सगळ्यांना मिळावेत म्हणून हे केलं आणि माल एवढा थोडा काढला की मिळाला मोजक्यांनाच. मला त्याची ही तक्रार अगदी योग्य वाटते. तुम्ही बारा वाजता अ‍ॅपवर बसायचं म्हणताय ना, ते या टंचाईमुळेच. 2011 च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेत टार्गेट या दुकानसाखळीने इटलीच्या मिसोनी या फॅशन हाउसची नागमोडी पट्ट्यांची कपडे-भांडी-चादरी आणली, तर पहिल्याच दिवशी त्यांची वेबसाइट कोसळली. घाई झाली की माणूस कापड बघत नाही, नाव बघतो.

आता डिझायनर नेमकं करतो काय? चित्रं देतो, रंग ठरवतो, जुने गाजलेले नमुने काढून देतो, सॅम्पल बघून 'खांदा इथे नको, तिथे हवा' असं सांगतो, आणि नाव देतो. पुढचं सगळं दुकानाच्या माणसांकडे: कापडाची खरेदी, पॅटर्न, सायझिंग, फॅक्टरी. त्याच्या स्वतःच्या कारखान्यातले कारागीर या कपड्याला हातही लावत नाहीत. म्हणजे 'काम त्याचं आहे का' याचं सरळ उत्तर असं, की कल्पना त्याची आहे, हात त्याच्या माणसांचे नाहीत.

आणि खरी गंमत इथून पुढे आहे. कल्पना पुरेशी आहे की नाही, हे तो डिझायनर कोणत्या जातकुळीचा आहे त्यावर ठरतं. काहींची सगळी करामत कात्रीत असते आणि काहींची सुईत, ठशात, मागावर. कात्रीवाल्याचं काम फॅक्टरीत जवळजवळ पूर्ण पोचतं, कारण कागदाचा पॅटर्न एकदा बरोबर बसला की तो हजार वेळा कापला तरी तोच राहतो. सुईवाल्याचं काम पोचत नाही. हातकाम हजार वेळा करायला हजार वेळा तितकेच तास लागतात, आणि तेवढ्या तासांना त्या किमतीत जागाच नसते.

कात्रीचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे युनिक्लो या जपानी दुकानसाखळीने जर्मन डिझायनर जिल सँडरबरोबर केलेलं 'प्लस जे'. 2009 मध्ये सुरू झालं, 2011 ला थांबलं आणि 2020 च्या नोव्हेंबरमध्ये परत आलं. जिल सँडरच्या कपड्यांवर ना भरतकाम ना खडे, सगळी शोभा कापड बेतण्यात. माझ्या एका गिऱ्हाइकाचा मुलगा जपानला असतो, त्याने आईसाठी त्यातला पांढरा सुपिमा कॉटनचा, म्हणजे लांब धाग्याच्या उंची सुताचा, शर्ट पाठवला होता. बाह्या लहान करायला माझ्याकडे आला. मी तो उलटा करून टेबलावर पसरला आणि बराच वेळ नुसती बघत राहिले. त्या शर्टात बघण्यासारखं फक्त मोजमाप होतं. खांद्याची शिलाई कुठे उतरते, कॉलर मानेपासून किती सुटते, बाही दंडावर कशी पडते. याच गोष्टी मी पोरींना शिकवते आणि याच सगळ्यात उशिरा येतात. बाही मनगटाकडून कापायची की खांद्याकडून यावर मी अर्धा दिवस घालवला, कारण मनगटाचा भाग इतका नीट होता की तो उसवायला हात होईना. असा कपडा सेलमध्ये नाही, पूर्ण किमतीला मिळाला तरी घ्या. बेल्जियमच्या मार्टिन मार्जेला यांच्या फॅशन हाउसने 2012 मध्ये एच अँड एमसाठी आपलेच जुने नमुने पुन्हा काढले, तेही याच कारणाने जमलं असं मला वाटतं. तिथेही सगळा खेळ कटिंगचा.

आता दुसरी बाजू. तुमच्या मनात लग्नाच्या भरजरी कपड्यांसाठी गाजलेला डिझायनर सब्यसाचीच असणार, म्हणून त्याच्याबद्दल जरा सविस्तर लिहिते.

एच अँड एमने भारतीय डिझायनरबरोबर केलेलं पहिलं कोलॅबोरेशन त्याचं. कोविडमुळे वर्षभर रखडलं आणि 12 ऑगस्ट 2021 ला 'वाँडरलस्ट' नावाने आलं. त्यात एक साडीही होती, 9,999 रुपयांची. ऑनलाइन माल मिनिटांत संपला. अशी साडी आमच्या आईच्या कपाटात आहे असं बायकांनी सोशल मीडियावर भरपूर लिहिलं. पण त्या थट्टेपेक्षा महत्त्वाचं पुढे घडलं. हस्तकलेसाठी काम करणाऱ्या संस्थांनी आणि कार्यकर्त्यांनी त्याला जाहीर पत्र लिहिलं. त्यांचं म्हणणं असं, की या कपड्यांची जाहिरात भारतीय कारागिरीच्या नावाने होते आहे, पण कपडे कारागिरांनी बनवलेले नाहीत आणि त्यांना यातून काही मिळताना दिसत नाही. लाकडी ठशांनी हाताने करतात त्या सांगानेरी छपाईच्या धाटणीची नक्षी होती, ठसा मात्र नव्हता. सब्यसाचीने उत्तर दिलं की भारतीय डिझाइन जगाच्या नकाशावर न्यायचं हा हेतू होता, आणि कारागीर दुखावले गेले हेही मान्य केलं. त्याच्या स्वतःच्या लेबलने अनेक वर्षं हातकामावर पोट असलेल्या लोकांना काम दिलं आहे, हे विसरून चालणार नाही. पण म्हणूनच ते पत्र मला पटलं. ज्याचं नाव कारागिरांच्या हातांवर मोठं झालं, त्याच्याकडून ही अपेक्षा करायची नाही तर कोणाकडून?

सांगानेर जयपूरजवळ आहे. तिथल्या छपाईत एका फुलाला एक ठसा पुरत नाही. 'रेख' नावाचा ठसा बाहेरची रेघ काढतो, 'दत्ता' आतला रंग भरतो, आणि जितके रंग तितके ठसे. छापणारा लाकडी ठसा रंगात बुडवतो, कापडावर ठेवतो, वरून मुठीने ठोसा देतो आणि शेजारी पुढचा ठेवतो. माझ्याकडे असं कापड ब्लाउजला येतं तेव्हा मी ते खिडकीशी धरते. कुठेतरी दोन ठशांच्या सांध्यात केसाएवढी फट दिसते, कुठे रंग रेघेच्या बाहेर जरासा सांडलेला असतो, आणि मागच्या बाजूला रंग कमी-जास्त उतरलेला दिसतो. मशीनच्या छपाईत शंभरावं फूल पहिल्यासारखंच असतं. मला त्या केसाएवढ्या फटीचं फार अप्रूप आहे. तिथे एका माणसाचा हात जरासा सरकलेला असतो. ही फट फॅक्टरीत बनत नाही, आणि डिझायनरची कल्पना कितीही मोठी असली तरी तिची जागा घेऊ शकत नाही.

हातकामाच्या पैशांचा हिशोबही सांगते. माझ्याकडे आरी वर्कचा, म्हणजे आकड्याच्या सुईने भरतकाम करायचा, ब्लाउज येतो तेव्हा कापड लाकडी चौकटीवर ताणून कारागीर बसतात. दोन्ही बाह्या आणि पाठ भरायची तर दोन माणसांचे तीन दिवस सहज जातात, म्हणजे सहा दिवसांची मजुरी. त्यात कापड नाही, शिलाई नाही, माझं काही नाही. आता ज्या कपड्याच्या किमतीतून कापड, फॅक्टरी, जहाज, दुकानाचं भाडं, जाहिरात आणि डिझायनरचं मानधन निघतं, त्यात ही सहा दिवसांची मजुरी कुठे बसवणार? 2015 मध्ये बालमां या फ्रेंच फॅशन हाउसने एच अँड एमसाठी मणीकामाची जॅकेटं आणि ड्रेस काढले, तेव्हा त्यांच्या किमती त्या दुकानातल्या नेहमीच्या कपड्यांच्या कितीतरी पट होत्या. दुसरा इलाजच नाही.

फॅक्टरीच्या शिलाईचंही तसंच. एकावर एक कापडाचे थर रचून एकदम कापतात, आणि थोडं कापड वाचलं तरी हजारो नगांमागे मोठी रक्कम वाचते. म्हणून बगलेच्या शिलाईवर छापा जुळवत नाहीत, कारण जुळवायचा तर कापड वाया जातं. मार्जिनही, म्हणजे शिलाईच्या आतलं जास्तीचं कापडही, जेमतेम सोडतात. आपल्याकडचा टेलर ब्लाउजला आत चांगलं दीड-दोन इंच सोडतो, बाई भरली तर दोन टिपा उसवायच्या की झालं. तिथे सेंटीमीटरभर असतं आणि तेही कडा कापून गुंफणाऱ्या ओव्हरलॉक मशीनने खाल्लेलं.

दोन वर्षांपूर्वी एक मुलगी अशाच कोलॅबोरेशनचा ड्रेस घेऊन आली. कोणाचा ते लिहीत नाही. साखरपुड्याला चार दिवस होते आणि ड्रेस छातीत एक इंच कमी पडत होता. तिचा साइझ संपला होता, म्हणून घाईत एक खालचा उचललेला. मी आतून बघितलं तर सोडवायला काही नव्हतंच. अस्तर फक्त पुढच्या भागाला. बगलेखाली शिलाईवर एका मोठ्या फुलाचं अर्धं डोकं आणि त्याला लागून दुसऱ्याच पानाचं टोक. तिच्या डोळ्यात पाणी आलं, कारण पैसे साठवून घेतला होता. शेवटी त्याच कापडाचा जो पट्टा सोबत आला होता तो मी उसवला, दोन लांबट कळ्या, म्हणजे जोड द्यायच्या पट्ट्या, कापल्या आणि दोन्ही बगलांखाली बसवल्या. पट्टा उरेब, म्हणजे तिरका, कापलेला होता म्हणून कळ्या अंगाला छान बसल्या. फोटोत कोणाला कळलं नाही. पण तिने जेवढे पैसे दिले होते तेवढ्यात तो ड्रेस तिच्या मापाने, पूर्ण अस्तर लावून, फुलाला फूल जुळवून शिवून झाला असता. तेच मला लागलं.

तर तुमच्या दहा हजारांचं असं करा. ऑफिसला, प्रवासाला घालायला कोट, पँट, शर्ट हवा असेल आणि कोलॅबोरेशन कटिंगवाल्या डिझायनरचं असेल, तर जरूर बसा बारा वाजता. साइझ अंगाबरोबर न घेता एक वरचा घ्या. आत घ्यायला मला दहा मिनिटं लागतात, बाहेर सोडायला मी काही करू शकत नाही. संपलं तर जाऊ द्या, दुप्पट किमतीने पुन्हा विकणाऱ्यांकडून घेऊ नका. शक्य असेल तर दुकानात जाऊन उलटा करून बघा: अस्तर कुठवर आहे, छापा शिलाईवर जुळतो का, मार्जिन किती, बटणामागे छोटं आधाराचं बटण आहे का.

संगीताला मात्र तुम्हाला भरजरी, हातकामाचं, 'त्या डिझायनरसारखं' हवं आहे, आणि तिथे मी स्पष्ट नाही म्हणेन. त्याच पैशांत हाताने छापलेली किंवा हातमागाची चांगली साडी येते आणि वर ब्लाउजच्या शिलाईलाही उरतात. पूर्ण रेशमी हातमागाची पैठणी या बजेटात शोधू नका, बसणार नाही, आणि कोणी देतो म्हणाला तर आधी पदर उलटा करा. हातछपाईची चंदेरी किंवा साधी काठाची महेश्वरी बघा. आरी वर्क सगळ्या ब्लाउजवर नको, फक्त बाह्यांच्या काठाला करून घ्या, नाचताना हात वर गेले की तेवढंच दिसतं.

लग्न कधी आहे ते लिहिलं नाहीत. हातकाम असेल तर टेलरला निदान तीन आठवडे द्या, आणि ब्लाउजचं सुती अस्तर शिवायच्या आधी रात्रभर पाण्यात भिजवून वाळवून द्या, नाहीतर पहिल्याच धुण्यात आटून ब्लाउज आतून ओढला जातो.