कृष्णवर्णीय कॉलेजांनी स्वतःच्या क्रीडा कॉन्फरन्स का काढल्या?

प्रश्न असा आहे की अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय कॉलेजांच्या पहिल्या क्रीडा कॉन्फरन्स (म्हणजे ठरलेल्या नियमांनी आपसात सामने खेळणाऱ्या कॉलेजांच्या संघटना) कोणत्या, आणि गोऱ्यांनी आत घेतलं नाही म्हणूनच त्या निघाल्या का. दुसऱ्या भागापासून सुरुवात करतो, कारण तिथेच बहुतेक लोक घाईने ‘हो’ म्हणून मोकळे होतात.

दारं बंद होती यात शंका नाही. दक्षिणेतली गोरी कॉलेजं कृष्णवर्णीय कॉलेजांशी खेळतच नसत. उत्तरेत एखाद्या कृष्णवर्णीय खेळाडूला गोऱ्या कॉलेजात संधी मिळायची. विल्यम हेन्री लुईस १८९२ मध्ये हार्वर्डच्या संघात होता. पण नुसतं वगळलं गेल्याने संघटना उभी राहत नाही. या कॉलेजांचे आपसात सामने वाढले, भांडणं वाढली आणि ती मिटवणारं कोणी नव्हतं, हे मला जास्त महत्त्वाचं कारण वाटतं.

त्याच वर्षीचा, कृष्णवर्णीय कॉलेजांमधला पहिला सामनाच बघा. २७ डिसेंबर १८९२, नॉर्थ कॅरोलिनातलं सॉल्सबरी, लिव्हिंगस्टन कॉलेज विरुद्ध बिडल (आजचं जॉन्सन सी. स्मिथ विद्यापीठ). अर्थात अमेरिकन फुटबॉल. पोरांनी वर्गणी काढून चेंडू आणला होता, आणि लिव्हिंगस्टनच्या खेळाडूंचे गणवेश तिथल्याच मुलींनी शिवून दिले होते. बर्फ पडत होता. लिव्हिंगस्टनच्या विल्यम ट्रेंटने सुटलेला चेंडू उचलून टचडाउन केला (म्हणजे चेंडू समोरच्या संघाच्या शेवटच्या रेषेपलीकडे नेला), पण मैदानावरच्या रेषा बर्फाखाली गेलेल्या. चेंडू बाहेर गेला होता, असं बिडलवाले म्हणाले. रेफरी होता नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठातला कायद्याचा विद्यार्थी. त्याने बिडलच्या बाजूने कौल दिला आणि बिडल जिंकलं. लिव्हिंगस्टनने दाद मागायची तर कोणाकडे?

त्यात खेळाडू कोण, हाही वाद असायचा. या कॉलेजांना जोडून शाळेचे वर्ग असत, काही ठिकाणी धर्मशास्त्राचा विभाग असे. चांगला खेळाडू इकडून तिकडे नाव घालून वर्षानुवर्षं खेळू शकत होता. गोऱ्या कॉलेजांतही हेच चालायचं. १९०५ च्या हंगामातल्या मृत्यूंनंतर त्यांची राष्ट्रीय संघटना निघाली, तीच पुढे एनसीएए झाली. कृष्णवर्णीय कॉलेजांनी मात्र स्वतःची व्यवस्था स्वतःच घडवली. त्याची पूर्वतयारी वॉशिंग्टनमध्ये शारीरिक शिक्षणाचे शिक्षक एडविन हेंडरसन यांनी केली होती. त्यांनी १९०६ मध्ये शाळा-कॉलेजांसाठी आंतरशालेय संघटना काढली आणि सामने नियमात बसवून दाखवले. या माणसाची आठवण काढल्याशिवाय हा इतिहास सांगूच नये, असं मी मानतो.

१९१२ मध्ये व्हर्जिनियातल्या हॅम्प्टन इन्स्टिट्यूटमध्ये बैठक झाली. हॅम्प्टन, हॉवर्ड, पेनसिल्व्हेनियातलं लिंकन, शॉ आणि व्हर्जिनिया युनियन अशी पाच कॉलेजं जमली आणि ‘कलर्ड इंटरकॉलेजिएट अॅथलेटिक असोसिएशन’, म्हणजे सीआयएए, जन्माला आली. हीच पहिली. यजमान हॅम्प्टनच्या बाजूने अॅलन वॉशिंग्टन आणि चार्ल्स विल्यम्स पुढाकार घेत होते. १९५० मध्ये नावातलं ‘कलर्ड’ जाऊन ‘सेंट्रल’ आलं, लघुनाम तेच राहिलं.

सीआयएएनंतर पुढच्याच वर्षी, १९१३ मध्ये, अटलांटात झालेल्या बैठकीतून एसआयएसी ही आग्नेयेकडच्या कॉलेजांची कॉन्फरन्स निघाली. टस्कीगी, फिस्क, टॅलाडेगा वगैरे तिच्यात आले. १९२० मध्ये ह्यूस्टनला टेक्सासातल्या सहा कॉलेजांनी एसडब्ल्यूएसी ही आपली कॉन्फरन्स काढली. त्यात वायली, प्रेअरी व्ह्यू आणि बिशप होती.

पैसा कुठेच नव्हता. प्रवास रेल्वेच्या वेगळ्या डब्यातून, आणि हॉटेलं दार उघडत नसल्याने मुक्काम बहुधा यजमान कॉलेजातच. अशा स्थितीत वेळापत्रक पाळणं हेच मोठं काम होतं, म्हणून १९४६ ची गोष्ट मला फार मोलाची वाटते. जॉन मॅकलेंडन, टालमेज हिल, हॅरी जेफरसन आणि जॉन बर या चौघांनी सीआयएएची बास्केटबॉल स्पर्धा उभी केली. हातात ५०० डॉलर, जागा वॉशिंग्टनमधलं सुमारे २,००० आसनांचं टर्नर्स अरीना. अंतिम सामना तीन जादा डावांपर्यंत ताणला गेला आणि मॅकलेंडन प्रशिक्षक असलेल्या नॉर्थ कॅरोलिना कॉलेजने व्हर्जिनिया युनियनला ६४–५६ हरवलं. मॅकलेंडन कॅन्ससला शिकताना बास्केटबॉलचे जनक नेस्मिथ यांच्या हाताखाली होते, पण कृष्णवर्णीय म्हणून तिथल्या विद्यापीठ संघात त्यांना खेळता आलं नाही. हेच मॅकलेंडन पुढे टेनेसी ए अँड आयला १९५७, ५८ आणि ५९ असं सलग तीनदा एनएआयए या छोट्या कॉलेजांच्या राष्ट्रीय संघटनेचं विजेतेपद मिळवून देणार होते.

१९७० मध्ये सीआयएएतली काही मोठी कॉलेजं बाहेर पडली आणि एमईएसी ही नवी कॉन्फरन्स झाली. हॉवर्ड तिकडे गेलं. हॅम्प्टनही नंतर गेलं, आणि आता ते एमईएसीतही नाही. मूळ पाचांपैकी लिंकन, शॉ आणि व्हर्जिनिया युनियन आज सीआयएएत आहेत. लिंकन मध्ये बराच काळ बाहेर राहून परत आलं.